ओल्शोव्केची मोजणी

अहिल्याने कॉरिडॉरच्या गालिच्यावर निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, टेपने दोन फूट मोजले आणि पुढचा तुकडा लावला. असे दहा तुकडे झाल्यावर ती गुडघ्यांवरून उठली.

"आता चाला. प्रत्येक पट्टीवर एक पाऊल."

मिलाडाबाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्या बहात्तर वर्षांच्या होत्या, उंच आणि हाडापेराने मोठ्या. खुब्याचा सांधा गेल्याच वर्षी बदललेला. भिंतीच्या कठड्याला धरून त्या तीन पट्ट्या चालल्या आणि थांबल्या.

"लांब होतंय."

"आत्ता लांब होतंय, की अकरा वर्षांच्या असतानाही झालं असतं?"

मिलाडाबाईंनी डोळे मिटले. "पायांत लाकडी तळाचे बूट असायचे आणि रस्ता दगडांचा. एवढी मोठी ढांग नव्हती माझी."

अहिल्याने सगळ्या पट्ट्या उपटल्या आणि पावणेदोन फुटांवर पुन्हा लावायला घेतल्या. इमारतीची मॅनेजर दारातून डोकावली, गालिच्याकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसलेल्या भारतीय बाईकडे पाहिलं, आणि आत गेली. या वेळी मिलाडाबाई दहाही पट्ट्या चालल्या. शेवटच्या दोन तर त्या कठडा सोडून चालल्या.

"हे माझं पाऊल," त्या म्हणाल्या.

अहिल्याने वहीत लिहिलं: एक पाऊल म्हणजे पावणेदोन फूट.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या या इमारतीत फक्त म्हातारी माणसं राहत. अहिल्या दर मंगळवारी लायब्ररीतर्फे त्यांना घरपोच पुस्तकं द्यायला यायची. हे काम बिनपगारी होतं, आणि म्हणूनच तिला करता येत होतं. केदारच्या व्हिसावर ती बायको म्हणून आली होती आणि त्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. त्याआधी सहा वर्षं ती भंडाऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. उन्हातान्हात बांधांवरून फिरायचं, शिवेचे दगड शोधायचे, भांडणाऱ्या भावांना दोन्ही बाजूंना उभं करून मधली रेघ ओढायची, हे तिचं काम. इथे आल्यापासून दोन वर्षांत तिने एकही रेघ ओढली नव्हती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मिलाडाबाईंनी तिला एक पत्र दाखवलं होतं. चेक देशातून पावेल नावाच्या एका शाळामास्तराने ते लिहिलं होतं. ओल्शोव्का हे मिलाडाबाईंचं जन्मगाव. जर्मनीच्या सरहद्दीला लागून, डोंगराच्या कुशीतलं, एक्केचाळीस घरांचं. आता तिथे एकही घर नव्हतं. पन्नासच्या दशकात सरकारने सरहद्दीजवळची गावं रिकामी करून पाडून टाकली, त्यात तेही गेलं. पावेल आणि त्याच्या मित्रांनी झाडीत शोधून जुन्या प्रार्थनाघराचा पाया मोकळा केला होता. सप्टेंबरच्या शेवटी तिथे एक दगड उभा करायचा होता आणि त्यावर गावाचा नकाशा कोरायचा होता, प्रत्येक घराच्या जागी त्या घरातल्या माणसांचं नाव. जुन्या नोंदी युद्धाच्या शेवटी जळाल्या होत्या. ओढ्याच्या वरच्या बाजूची घरं जर्मनीत गेलेल्या काही म्हाताऱ्यांनी सांगितली होती. पण तळ्याकाठच्या ओळीबद्दल आणि पुलापलीकडच्या भागाबद्दल सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तुम्हाला काही आठवतं का, असं मास्तराने विचारलं होतं. ऑगस्ट संपेपर्यंत नकाशा हवा होता.

"मला सगळं आठवतं," मिलाडाबाई म्हणाल्या होत्या. "फक्त काढता येत नाही."

"मला काढता येतो," अहिल्या म्हणाली होती. हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला बरं वाटलं होतं.

तेव्हापासून मंगळवारच्या जोडीला गुरुवार आला, मग शनिवारही. अहिल्याने आलेखाच्या कागदाचा मोठा ताव आणला. भंडाऱ्याहून येताना कपड्यांच्या घडीत ठेवलेली स्केलपट्टी बॅगेच्या तळातून काढली. मिलाडाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर ताव पसरला की टेबल पूर्ण भरून जाई. कॉफीचे कप खिडकीत ठेवावे लागत.

विचारायची पद्धत तिची होती. अमुक घर कुठे होतं, असं ती विचारत नसे. तसं विचारलं की माणूस आठवतो कमी आणि ठरवतो जास्त, हे तिला बांधावरच्या म्हाताऱ्यांनी शिकवलं होतं. ती विचारायची, दूध घालायला निघालात, डाव्या हाताला पहिलं दार कोणाचं? कुत्रं कोणाचं भुंकायचं? ऊन सकाळी कोणत्या भिंतीवर पडायचं?

आणि गाव हळूहळू उमटत गेलं. मधून ओढा, ओढ्याच्या कडेने एकच रस्ता आणि रस्त्याला लागून घरं. प्रत्येक घराच्या मागे त्या घराची शेतपट्टी, घराएवढीच रुंद, सरळ चढत रानापर्यंत गेलेली. अहिल्याला हे फार आवडलं. जितकी घरं तितक्या पट्ट्या. एक चुकलं की दुसरं लगेच बोलतं. प्रार्थनाघर, त्याच्या दारातली दोन लिंडनची झाडं. काच घासायचा कारखाना, जिथे निम्म्या गावाच्या बायका जात आणि संध्याकाळी बोटांना पांढरी भुकटी घेऊन येत. तळं, तळ्याची पाळ, पाणी सोडायची लाकडी फळी.

"तळ्याचा सांडवा कोणत्या अंगाला?"

"काय ते?"

"जास्तीचं पाणी कुठून जायचं?"

मिलाडाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "हे मला साठ वर्षांत कोणी विचारलं नाही. शाळेच्या बाजूने."

"आमच्याकडे गावोगाव तळी आहेत," अहिल्या म्हणाली. "भाताला लागतात."

गावाला नावंही दोन होती. चेक लोक ओल्शोव्का म्हणत, जर्मन लोक एर्लाउ. तीस-बत्तीस घरं जर्मनांची, बाकीची चेकांची. शाळा जर्मन. मिलाडाबाई शाळेत एका भाषेत आणि घरी दुसऱ्या भाषेत बोलायच्या. त्या पावलं मोजत शाळेत जायच्या, जाताना चेकमध्ये, येताना जर्मनमध्ये, आणि दोन्ही वेळा आकडा सारखाच येतो का पाहायच्या. चारशे बारा. तो आकडा अजून त्यांच्या जिभेवर होता.

त्यांचं घर तळ्याकाठी, सतरा नंबरचं. त्याबद्दल मात्र काही विचारावं लागलं नाही. दिवाणखान्यात त्याचं चित्रच टांगलेलं होतं, त्यांच्या दिवंगत नवऱ्याने त्यांच्याकडून ऐकून काढलेलं: निळी दारं, वर लाकडी सज्जा, पुढे पाणी. एकोणपन्नास साली, त्या पंधरा वर्षांच्या असताना, त्यांचं कुटुंब पहाटे रानातून सरहद्द ओलांडून पळालं होतं आणि पुढे अमेरिकेला आलं होतं. मागे राहिलेल्या त्या घराची गोष्ट सगळं कुटुंब जाणून होतं. मुलगा टॉम बायकामुलांना घेऊन सप्टेंबरात दगड पाहायला जाणार होता. विमानाची तिकिटंही काढून झाली होती.

जुलैच्या मध्यात केदार ऑफिसातून लवकर आला आणि बूट न काढताच म्हणाला, "मिशिगनची ऑफर आली, नोव्हायची."

अहिल्या पोळ्या लाटत होती. "कधी जायचंय?"

"सप्टेंबरात, लेबर डेच्या नंतर जॉइन. म्हणजे ऑगस्ट एंडला मूव्ह करावं लागेल. पण कार कंपनीचं काम आहे, आणि ते ग्रीन कार्ड फाइल करायला तयार आहेत. एकदा ते पुढे सरकलं की तुलाही वर्क परमिट मिळेल यार."

ते दोघांनाही हवंच होतं. अहिल्याने तव्यावरची पोळी उलटली आणि मनात दिवस मोजले. सहा आठवडे.

"तोवर नकाशा होईल," ती म्हणाली.

केदार हसला. "मी ग्रीन कार्ड म्हणतोय आणि तू नकाशा."

पावलाचं माप ठरलं त्या दिवशी ती घरी आली आणि दुपारीच कागदावर बसली. आता सगळी अंतरं खरी करता येणार होती. दुकान ते प्रार्थनाघर जुळलं. प्रार्थनाघर ते काचेचा कारखाना जुळलं. मग तिने घर ते शाळा घेतलं. चारशे बारा पावलं, म्हणजे सातशे एकवीस फूट. नकाशावर सतरा नंबरचं घर आणि शाळा यांच्यात तीनशे फूटही भरत नव्हते.

आधी तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने तळं हलवून पाहिलं, पण तळं हलवलं की शेतपट्ट्या तुटत होत्या. मग तिने वही मागे उलटली. जूनमधल्या एका पानावर तिच्याच अक्षरात होतं: शाळेत जाताना पूल. नऊ फळ्या. सातवी हलते, मुद्दाम तिच्यावर उडी.

ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. शाळा ओढ्याच्या अलीकडे होती. तळंही अलीकडे. तळ्याकाठून शाळेत जायला पूल लागतच नव्हता.

केदार आला तेव्हा चहाचं आधण आटून गेलं होतं आणि ती पुलापलीकडची घरं मोजत होती. शाळेपासून चारशे बारा पावलं पूल धरून मोजली की पट्टी एका ठिकाणी थांबत होती, रानाच्या कडेला, अडतीस नंबरवर. त्या घराचं मिलाडाबाईंनी कधी काही सांगितलं नव्हतं. "ते रिकामंच असायचं," एवढंच.

"म्हाताऱ्या आहेत त्या," केदार म्हणाला. "मिक्स होतं डोक्यात. सोडून दे ना. मॅप तर झालाय."

"त्यांचं काहीच मिक्स होत नाही. सांडव्याची बाजूसुद्धा बरोबर आहे."

"पण दगडावर कोण चेक करणारे? गावच नाहीये तिथे."

अहिल्याने पेन्सिलीला टोक काढलं. तिचे साहेब पुरुषोत्तम ढोके केलेली मोजणी पुन्हा तपासायचे आणि फुटाचाही फरक आला तर कागद परत पाठवायचे. रागावत नसत. नुसतं म्हणायचे, बाई, जमीन बोलत नाही म्हणून आपण आहोत.

"मोजणी जुळत नाही तोवर मी कागद हातातून सोडत नाही," ती म्हणाली. "गाव असो नसो."

गुरुवारी तिने फिरवून विचारलं नाही. ताव पसरला, वही उघडली, आणि पूल, फळ्या, पावलं, सगळं टेबलावर मांडलं.

"तुम्ही शाळेत अडतीस नंबरवरून जायचात," ती म्हणाली. "सतरावरून नाही."

मिलाडाबाईंनी कप बशीत ठेवला. "तू माझं गाव पाहिलंयस?"

"नाही."

"चेक येतं तुला? जर्मन?"

"नाही."

"मग माझ्या बापाचं घर कोणतं ते तू मला सांगू नकोस." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी काठी घेतली, दारापर्यंत गेल्या आणि दार उघडून धरलं.

पुढच्या मंगळवारी लायब्ररीतल्या बाईंनी यादी देताना सांगितलं की त्या इमारतीतल्या एका घरी आता पुस्तकं नकोत. त्यानंतरच्या मंगळवारीही तेच. ऑगस्ट लागला. अपार्टमेंटमध्ये खोके येऊन पडले. अहिल्याने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, गोडा मसाला दुहेरी पिशवीत बांधला, पण जेवणाच्या टेबलावरचा ताव गुंडाळला नाही. एकोणचाळीस घरांची रेघ शाईने पक्की केली. सतरा नंबरचा चौकोन आणि अडतीस नंबरचा चौकोन तिने आखले, आणि दोन्ही कोरे ठेवले.

एकदा तिच्या मनात आलं, लिहून टाकावं कोलार. मिलाडाबाईंच्या वडिलांचं आडनाव कोलार. सतराच्या चौकोनात पाच मिनिटांचं काम होतं. म्हातारी खूश, मास्तर खूश, टॉमची मुलं दगडापाशी उभी राहून फोटो काढतील. आपण नोव्हायला निघून जाऊ. तिने लेखणी उचलली, टोक कागदापासून बोटभर अंतरावर धरलं, आणि परत टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती कोणी बोलावलं नसताना गेली. मिलाडाबाईंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत.

"मी वाद घालायला आले नाही," अहिल्या म्हणाली. "सव्वीस तारखेला आम्ही मिशिगनला चाललोय. हा तुमचा नकाशा. दोन घरं सोडून सगळं झालंय. रेघा माझ्या आहेत, त्यांची जबाबदारी मी घेते. त्या दोन चौकोनांत काय लिहायचं ते तुम्ही तुमच्या हाताने लिहा. मी लिहिणार नाही."

तिने गुंडाळी त्यांच्या हातात दिली आणि लिफ्टकडे वळली.

चार दिवसांनी सकाळी फोन वाजला. "ये," मिलाडाबाई म्हणाल्या. "शाई घेऊन ये."

टेबलावर ताव उलगडलेला होता, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवून दाबलेला. मिलाडाबाईंनी अहिल्याला बसायला सांगितलं. स्वतः मात्र खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"अडतीस आमचं," त्या म्हणाल्या. "आमचं म्हणजे भाड्याचं. एक खोली. बाप लाकूडतोड्या होता. सतरामध्ये एर्टल राहायचे. पाच माणसं. ट्राउडल माझ्या वर्गात होती. मी तिच्या घरी जायची, तिच्या खोलीच्या खिडकीतून तळं दिसायचं म्हणून."

अहिल्याने शाईची बाटली टेबलावर ठेवली.

"पंचेचाळीसच्या जूनमध्ये, लढाई संपल्यावर, दंडाला पट्ट्या बांधलेली चेक माणसं आली. बंदुका होत्या. जर्मनांनी निघायचं, अर्ध्या तासात, हातात मावेल तेवढं घेऊन. दुपारी ते सगळे रस्त्यावर उभे होते, प्रार्थनाघरापासून शाळेपर्यंत. आम्ही पुलावरून पाहत होतो. मी हात केला नाही. आईने माझा हात धरून ठेवला होता, पण तिने नसता धरला तरी मी केला नसता." त्यांनी खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. "त्याच दिवशी बापाला सतराची किल्ली मिळाली. कोणीतरी राहायलाच हवं होतं, असं तो म्हणायचा. आम्ही गाद्या उचलून तिकडे गेलो. स्वयंपाकघरात काठवटीत राय नावाच्या धान्याच्या पिठाची कणीक भिजवून झाकून ठेवलेली होती. फुगून फडक्याच्या वर आली होती. आईने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग चूल पेटवली."

बाहेर कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. त्याचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

"पाव चांगला झाला होता," मिलाडाबाई म्हणाल्या. "मी तीन तुकडे खाल्ले."

मग त्या येऊन बसल्या. दोन्ही हात कागदाच्या कडेवर ठेवले. "चार वर्षं मी ट्राउडलच्या पलंगावर झोपले. इथे आल्यावर लोक विचारायचे, मागे काय सोडून आलात? भाड्याची खोली सोडून आलो, असं कोण सांगणार? बापाने तळ्याकाठचं घर सांगितलं. तो गेल्यावर मी सांगायला लागले. टॉमच्या बापाने त्याचं चित्र काढलं. त्यालासुद्धा मी बोलले नाही."

"नाव एर्टल लिहायचं?" अहिल्याने विचारलं.

"म्हणजे आम्ही तिथे कधी नव्हतोच, असं होईल. तेही खोटं. आणि कोलार लिहिलं तर ते चोरी केल्यासारखं."

अहिल्याने वहीचं एक कोरं पान घेतलं आणि त्यावर दोन रकाने आखले. "आमच्याकडे जमिनीचा एक उतारा असतो. वर लिहितात, जमीन कोणाची. खाली वेगळा रकाना असतो, ती कोण कसतंय त्याचा, साल घालून. दोन्ही नावं एकाच कागदावर असतात. एकाने दुसरं पुसलं जात नाही."

"भांडणं होत नाहीत?"

"होतात. पण निदान कशावरून भांडतोय ते माहीत असतं."

मिलाडाबाईंच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. त्यांनी लेखणी मागितली. आधी त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर दोनदा लिहून पाहिलं. मग सतराच्या चौकोनात लिहिलं: एर्टल. योसेफ, मारी, गेरट्राउड, फ्रान्झ. इथे थांबल्या. पाचवं नाव आठवेना. तान्हं बाळ होतं, जानेवारीत झालेलं. अहिल्याने घाई केली नाही. तिने विचारलं, "पाळणा कोणत्या खोलीत होता?"

"चुलीच्या मागे," मिलाडाबाई म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "रोझी. रोझी म्हणायचे." ते लिहिलं. त्यापुढे, जून १९४५ पर्यंत. खाली, बारीक अक्षरात, कोलार, जून १९४५ ते एप्रिल १९४९. मग अडतीसच्या चौकोनात पुन्हा कोलार. लिहून झाल्यावर त्यांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, लहान मुलं घालतात तशी.

"आज सोमवार," त्या म्हणाल्या. "शनिवारी टॉमला बोलावते. कागद पाठवायच्या आधी त्याने तो पाहायला हवा. तूही ये."

"मी कशाला?"

"मी ऐन वेळी दुसरंच काही सांगायला लागले तर?"

शनिवार आला. नोव्हायला जायचा सामानाचा ट्रक भरून आदल्या दिवशीच पुढे गेला होता. रिकाम्या अपार्टमेंटची किल्ली देऊन केदार आणि अहिल्या गाडीतून निघाले ते वाटेत या इमारतीपाशी थांबले. केदार गाडीतच बसला. "वीस मिनिटं. शिकागोचा ट्रॅफिक लागेल, प्लीज," तो म्हणाला.

टॉम आधीच आलेला होता. पन्नाशीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. बाजूच्याच गावात त्याचं छपरं दुरुस्त करायचं काम होतं. त्याने अहिल्याशी हात मिळवला आणि नकाशावर वाकून शीळ घातली. बोटाने ओढा धरून तो खाली आला, प्रार्थनाघर, कारखाना, शाळा, आणि तळ्यापाशी थांबला. डोळे बारीक करून कागद थोडा दूर धरला.

"मॉम, इथे दुसऱ्याच कोणाचं नाव पडलंय. सतरा ना आपलं?" त्याने अहिल्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, चूक दाखवून द्यावी तसं. "हे नीट करायला लागेल."

याचं उत्तर अहिल्याने द्यायचं नव्हतं. तिने मिलाडाबाईंकडे पाहिलं. त्यांची मान ताठ होती आणि हातातली काठी जमिनीत रोवलेली.

"चूक नाही ती," मिलाडाबाई म्हणाल्या. "ते मीच लिहिलंय. खुर्ची ओढ आणि बस. मला जरा वेळ लागेल सांगायला."

टॉम बसला नाही. तो आईकडे पाहत राहिला, मग भिंतीवरच्या चित्राकडे.

अहिल्याने पर्स उचलली. "मी निघते," ती हळूच म्हणाली. मिलाडाबाईंनी तिच्याकडे न पाहता मान हलवली. एवढं पुरेसं होतं. मागे दार लावून घेताना तिला त्यांचा आवाज ऐकू आला, सावकाश, पावलं मोजावीत तसा: "पुलाच्या पलीकडे एक घर होतं..."

ती गाडीत येऊन बसली. केदारने इंजिन चालू केलं. "झालं?"

"माझं झालं," अहिल्या म्हणाली. "दोन मिनिटं थांब."

"काय राहिलं?"

ती इमारतीच्या दाराकडे पाहत राहिली. दोनाची पाच झाली, पाचाची दहा. केदारने घड्याळ पाहिलं. रस्त्याचा नकाशा पुन्हा घडी घालून ठेवला. मग इमारतीचं काचेचं दार उघडलं आणि टॉम बाहेर आला. झपाझप पार्किंगमधून चालत तो आपल्या पिकअपपाशी गेला आणि आत बसला. अहिल्याने सीटच्या पट्ट्यावरची पकड घट्ट केली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. गाडी सुरू होत नव्हती.

"चल ना," केदार हलकेच म्हणाला.

टॉम बाजूला वाकला, सामान ठेवायचा कप्पा उघडून त्यात काही शोधलं आणि परत बाहेर आला. हातात चष्मा होता. तो त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा इमारतीत गेला.

"निघू या," अहिल्या म्हणाली.